नवी गाडी आणि ओढ्यावरची मावशी

नवी गाडी गिरणीच्या फाटकातून आत येऊन उभी राहिली, तेव्हा सगळे तिच्या रंगाकडे आणि चकचकीत दिव्यांकडे बघत होते. मी थोडा वेळ जाऊ दिला, पदर खोचला आणि वाकून तिच्या पोटाखालची जमीन पाहिली. जमीन कोरडी होती.

"काय हरवलं?" ह्यांनी विचारलं.

"हरवलं नाही. तेल गळतंय का बघते."

गिरणीतली माणसं हसली. हेही हसले. पण मी चेष्टा करत नव्हते. आमच्या आधीच्या दोन्ही गाड्या गळत. जिथे उभ्या राहतील तिथे काळा डाग ठेवून येत. आम्ही कुणाकडे जाऊन आलो हे कर्जतमध्ये सांगावं लागायचं नाही, त्या घरापुढचा डागच सांगायचा.

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतरचा दुसरा हिवाळा होता. कर्जतला आमची भाताची गिरणी. ह्यांनी मुंबईला गाडीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. गाडी येणार असं कळलं त्या सकाळी मी म्हटलं, "एवढी मोठी अमेरिकन गाडी आपल्याला काय करायची?" तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "सहा वर्षं तू धूर खाल्लास. आता बिनधुराची गाडी तुझ्यासाठी." लग्नाला सोळा वर्षं झाली होती. एवढं लांब वाक्य माझ्याबद्दल त्यांनी त्याआधी बोललेलं मला आठवत नाही.

मी गाडी चालवायला शिकले ती हौस म्हणून नाही. आमची पहिली गाडी उघडी होती, वर कापडी टप. मुंबईच्या एका गृहस्थांचा माथेरानला बंगला होता. माथेरानवर गाडी जात नाही, म्हणून ती नेरळला झाडाखाली उभी असायची. तिचे मालक वर डोंगरात आणि ती खाली, पानं अंगावर घेत. ह्यांनी ती तिथेच पाहिली आणि घेतली. चालवायला खालापूरकडचे एक ड्रायव्हर ठेवले. मी त्यांना ड्रायव्हरदादा म्हणत असे. शांत, जाड मिशांचे, गाडीशी बोलत बोलत गाडी चालवणारे.

लढाई सुरू झाली आणि एके दिवशी ड्रायव्हरदादा येऊन म्हणाले, "मी मिलिटरीत लागतोय. लॉऱ्या चालवायच्या हायत."

ह्यांनी गाडी स्वतः शिकून पाहिली. पण स्टिअरिंग हातात आलं की हे श्वास घ्यायचं विसरत. तिसऱ्या दिवशी गिरणीच्या अंगणात वाळत घातलेल्या भातात त्यांनी गाडी घातली, आणि खाली उतरून किल्ली ड्रायव्हरदादांच्या हातात देत म्हणाले, "हिला शिकवा. हिला राग येत नाही आणि ही घाबरत नाही." दोन्ही खोटं होतं. पण ते इतक्या खात्रीने म्हणाले, की मग मला खरं करून दाखवावंच लागलं.

सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "नऊवारी बरंच आहे त्याला. पाय मोकळे राहतात." एवढंच.

ड्रायव्हरदादांना जायला तीन आठवडे होते. तेवढ्यात त्यांनी मला सगळं दिलं. हॅण्डल मारताना अंगठा आत घ्यायचा नाही, नाहीतर ते उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा. पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. "आणि वहिनी, पान्यात शिरलात तर मदी थांबायचं नाय. काय वाटंल ते वाटूं द्या, थांबायचं नाय." जाताना त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, मला नमस्कार केला आणि स्टेशनकडे चालत गेले.

दोन वर्षांनी त्या उघड्या गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि पेट्रोलही कुपनावर आलं. तेव्हा ह्यांनी एक बंद, पेटीसारखी लहान गाडी आणली आणि तिच्या मागे कोळशाचा गॅस करणारी भट्टी बसवून घेतली. ती गाडी म्हणजे दुसरा संसारच होता. निघण्याआधी अर्धा तास भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवायचा, गॅस धरला की नाही ते काडी लावून बघायचं. परत आल्यावर राख काढायची. नाकात, नखांत, केसांत कोळसा. चढ आला की ती दमायची आणि ह्यांना खाली उतरून बाजूने चालावं लागायचं. कधीकधी हे माझ्यापुढे निघून जात आणि वर जाऊन वाट बघत उभे राहत.

माझं माहेर चौकला. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची, म्हणून कर्जत ते चौक ही वाट माझी नेहमीची. त्या वाटेवर एक ओढा होता. तेव्हा त्याच्यावर पूल नव्हता, पाण्यातून गाडी जायला फरशीही नव्हती. उतरायचं, पाण्यातून जायचं आणि पलीकडे चढायचं.

एका भाद्रपदात चौकहून निरोप आला, आईचा ताप उतरत नाही. आम्ही दोघं निघालो. ओढ्यापाशी आलो तर पाणी गढूळ आणि जोरात. काठावर मी पट्टा काढला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी पाण्यात घातली. पलीकडच्या काठावर एक बाई दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. ती काय म्हणते हे ऐकायला मी किंचित पाय सैल केला. तेवढ्याने झालं. गाडी मधोमध थांबली. पाणी भट्टीत शिरलं आणि असा फूत्कार झाला, की मला वाटलं आता हिचे तुकडे उडणार. वाफेत काही दिसेना.

वाफ विरली तेव्हा ती बाई मांडीभर पाण्यात माझ्या खिडकीशी उभी होती.

"मदी थांबू नका, थांबू नका म्हनून बोंबलत व्हते मी!"

"ते ऐकायलाच थांबले," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. मलाही हसू फुटलं. पुरात उभ्या असलेल्या गाडीत मी हसत होते आणि हे शेजारी बसून, पाय वर घेऊन, दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

तिचा नवरा बैलजोडी घेऊन आला. एक बैल पांढरा, एक तांबडा. वाफेला बुजून बैल पुढे येईनात, तेव्हा ती त्यांच्या तोंडाशी गेली आणि काय बोलली कुणास ठाऊक, ते आले. मी उतरून मागून ढकललं, ह्यांनी ढकललं, तिनेही ढकललं. गाडी वर आली. तिने भट्टीभोवती एक चक्कर मारली.

"चूल घेऊन फिरता व्हय तुमी?"

"पेट्रोल मिळत नाही, मावशी."

"मंग बैल घ्यायचं," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने तिला डोळ्यांनी दटावलं.

तिचं घर काठावरच होतं, कुडाच्या भिंतींचं, दोन खणांचं. तिने मला आत नेलं. मी गळ्यापर्यंत भिजले होते आणि काकडत होते. तिने दांडीवरचं एक लुगडं ओढलं आणि माझ्या हातात दिलं. हिरवट, जाड, खांद्याशी ठिगळ लावलेलं. "नेसा. आयेला बघाया जायाचं ना? आजारी मानसापुढं असं भिजल्यालं जाऊ नये." ह्यांना घोंगडी मिळाली. मग गुळाचा काळा चहा. साखर तेव्हा कुणाकडेच नव्हती, पण त्या चहाची चव मला अजून आठवते, त्यात गवती चहा होता.

भट्टी पुन्हा पेटवायला ती सकाळ गेली. माझं ओलं लुगडं पिळून मी गाडीत टाकलं आणि तिचंच नेसून चौकला पोचले. आई तापात होती, तरी तिने लगेच विचारलं, "कुणाचं गं हे?" मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "धुऊन, घडी करून दे हो त्यांचं."

मी धुतलं आणि घडी करून आईच्या ट्रंकेत ठेवलं. आईचा ताप उतरेपर्यंत मी तिथे राहिले. परत निघाले तो अकरावा दिवस होता.

ओढ्याचं पाणी तोवर उतरलं होतं. मावशी अंगणात होती. तिच्या अंगावर तेच लुगडं होतं, जे ती त्या दिवशी नेसली होती. खालचा अर्धा भाग ओला होता आणि वरचा कोरडा. मी घडी तिच्या हातात दिली. ती आत गेली, बदलून आली आणि ओलं लुगडं कुंपणावर पसरता पसरता सहज म्हणाली, "बरं जालं आज आलात ते. अर्धं धुवायाचं, अंगावरच वाळवायाचं, मंग दुसरं अर्धं. पावसात वाळत नाय वो लवकर."

"म्हणजे? दुसरं नाही?"

"दोनच हायत. कापडाला कंट्रोल नाय का?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरात मीठ संपलं आहे असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं. अकरा दिवस ते आईच्या ट्रंकेत पडलं होतं. मला त्या ट्रंकेत हात घालायचं एकदाही सुचलं नव्हतं, कारण माझ्या घरी लुगडं वाळत असलं तर दुसरं असतं.

पुढल्या खेपेला मी माझं एक लुगडं घेऊन गेले. तिने ते बोटांत धरून पाहिलं. "लय मऊ हाय. लावनीत दोन दिस टिकायचं नाय," म्हणाली, पण घेतलं. आणि वेलीवरची दोन मोठ्या काकड्या माझ्या गाडीत टाकल्या, म्हणजे हिशेब मिटला.

त्यानंतर त्या ओढ्यात आम्ही किती वेळा अडकलो ते सांगता येणार नाही. पावसाळ्यात तर दर खेपेला. पुढे पुढे आमच्या गाडीचा आवाज लांबून ऐकला की गोठ्यातले दोन्ही बैल आपले आपण उठून उभे राहत. मावशी सांगायची, "बसल्यालं असलं तरी उठत्यात. म्हनत्यात, आली बया." आम्ही काठावर बसून चहा प्यायचो. आई बरी आहे का, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, तिच्या लेकीला दिवस गेले, तांबड्या बैलाच्या खुराला लागलं. हे सगळं मला त्या गाडीच्या अडण्यातून मिळालं. न अडणारी गाडी असती तर त्या वाटेवर माझं कुणी झालं नसतं.

लढाई संपली. ड्रायव्हरदादा परत आले. वाळले होते आणि डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं. कुठे कुठे लॉऱ्या चालवल्या ते विचारलं तर म्हणत, "लांब." गिरणीच्या ट्रकवर ते काम करू लागले. आणि नवी गाडी आली तेव्हा मुंबईहून तेच तिला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "चौकला आईला दाखवून ये. ड्रायव्हरदादांना बरोबर घे, पण चालव तूच."

मी आत बसले आणि क्षणभर काय करावं ते कळेना. सीट एवढी मऊ आणि रुंद की माझ्या आईचा पलंगही तेवढा नव्हता. त्यावर मखमलीसारखं करडं कापड. समोर घड्याळ. काच खालीवर करायला दांडी. पायाशी गरम हवा सोडणारं एक यंत्र, ते बघून ड्रायव्हरदादा म्हणाले, "ह्ये कर्जतला कशाला लागतंय?" हॅण्डल नाही, बटण दाबलं की झालं. गिअरची दांडी जमिनीतून न येता स्टिअरिंगलाच लावलेली. मी सवयीने क्लच दोनदा दाबला, तर ड्रायव्हरदादा हसले. "एकदाच, वहिनी. ही समजूतदार हाय."

आवाज तर नव्हताच. पहिल्या गाडीत मला ओरडून बोलावं लागे. दुसरीत खोकून. हिच्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. खड्डा आला तर तो लांब कुणाला तरी लागल्यासारखा लागायचा. ब्रेकला पाय नुसता टेकवला की गाडी थांबे. दोन गाड्यांनी माझ्या पिंढऱ्या पुरुषासारख्या करून टाकल्या होत्या, आणि आता त्यांना काही कामच नव्हतं. मला फार सुख झालं, ते लपवत नाही. मनातल्या मनात मी ह्यांचे किती वेळा आभार मानले.

ओढा आला. हिवाळ्याचं पाणी, घोट्याएवढं. मी काही ठरवायच्या आत गाडी त्यातून निघून वर चढलीसुद्धा. आरशात पाहिलं तर मावशी दारात उभी होती, डोळ्यांवर हात धरून, परक्या गाडीकडे बघावं तशी बघत.

मी पुढे गेले. मैलभर गेले असेन. गाडी सुरेख चालत होती आणि मला काही गोड लागेना.

"मागे वळवू का?" मी विचारलं.

"वळवा," ड्रायव्हरदादा म्हणाले. कुठे ते त्यांनी विचारलं नाही.

मावशी अंगणातच होती. मी काच खाली केली.

"तुमी व्हय!" ती म्हणाली. "मगाशी भुर्रकन् गेली ती हीच? मी म्हनलं कोन सायेब हाय." तिने गाडीभोवती चक्कर मारली, पुढून वाकून पाहिलं. "बैल कुठं लावायचं हिला?"

"हिला बैल लागणार नाहीत, मावशी."

"मंग काय तुमी आता थांबनार नाय आमच्याकडं," ती म्हणाली. रागाने नाही, पाऊस उघडला असं म्हणावं तसं.

"थांबलेय की. बस गाडीत."

ती बसेना. पायांकडे बघायला लागली. मग ओढ्यावर जाऊन पाय घासून धुतले, पुसले, पदर सारखा केला आणि आली. ड्रायव्हरदादांनी पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं आणि स्वतः मागे बसले. सहा वर्षं जिने आमची गाडी ओढून काढली, ती गाडीत पहिल्यांदाच बसत होती. हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"कुठे जायचं?"

तिने सीटवर तळहात फिरवला. विचार केला. "आमचं येजमान चौकच्या बाजारला गेल्यात, गाडी जुपून. त्यास्नी गाठा."

आम्ही निघालो. ती अंग चोरून बसली होती, एका हाताने दार घट्ट धरून. मग हळूहळू हात सुटला. झाडं मागे जाताना बघून एकदा म्हणाली, "पाय दुखत न्हाईत आन् गाव येतंय."

चौकच्या अलीकडे बैलगाडी दिसली. मी हॉर्न वाजवला. त्यांनी मागे वळून न बघताच घाईघाईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, साहेबाच्या मोटारीला वाट देतात तशी, आणि हात कपाळाकडे नेला. मी गाडी त्यांच्या बरोबरीला आणून उभी केली. खिडकीतून मावशीने मान बाहेर काढली.

"काय वो, एवढ्या हळू कुठं निगाला?"

त्यांचा हात कपाळावरच राहिला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "उतर खाली. लोकाची गाडी हाय."

"लोकाची नाय," ती म्हणाली, "आपल्या बायची हाय."

मी पुढे रस्त्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

तिला मी माझ्या माहेरी नेलं. आईने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, दूध घातलेला चहा दिला. दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या, पण आई "या, या, किती वर्षांनी" असं म्हणाली आणि मावशीलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. तासाभराने तिचे यजमान बाजार करून दाराशी आले. मी म्हटलं, गाडीतूनच सोडते. पण ती बैलगाडीत चढून बसली. "बैलास्नी वाईट वाटंल," म्हणाली. जाताना मला एवढंच म्हणाली, "वाटंवर हाय आमी. न अडकता बी थांबत जा."

मी थांबत गेले. ती गाडी आमच्याकडे पुढे बरीच वर्षं होती, ओढ्यावर पूल झाला तरी होती. चौकची खेप असली की पंधरा-वीस मिनिटं त्या अंगणात धरूनच मी निघायची वेळ ठरवत असे. तिच्या लेकीच्या पुढच्या बाळंतपणाला लेकीला आणायला-न्यायला तीच गाडी गेली.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. परत निघालो तेव्हा ड्रायव्हरदादा पुढे यायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या मागेच, बसा आरामात." ते संकोचाने टेकले. मी दोन-तीन गोष्टी विचारल्या, पहिल्यांदा उत्तर आलं, मग आलं नाही. आरशात पाहिलं तर त्या करड्या मखमलीवर मान टेकून ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर, बोटं जरा वाकलेली, अजून स्टिअरिंग धरल्यासारखी. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत डोळा मिटताना पाहिलं नव्हतं.

मी वेग कमी केला. जिथे खड्डा दिसला तिथे कडेने घेतली. तीन आठवड्यांत त्यांनी जे जे शिकवलं होतं, ते सगळं मी त्या परतीच्या वाटेवर वापरलं. गिरणीच्या फाटकातही हॉर्न वाजवला नाही, पहारेकऱ्याला हातानेच खूण केली. इंजिन बंद केलं तेव्हा ते दचकून जागे झाले.

"वहिनी, उठवायचं ना! मी झोपलो की काय?"

"थोडासाच," मी म्हटलं. "उतरा. आत चहा टाकते."